लोखंडावर सोनं: तिबेटी कोफ्तगिरीचा पहिला दागिना निवडताना

लोखंडाचा दागिना म्हटलं की आपल्याकडे घोड्याच्या नालेची अंगठी डोळ्यांसमोर येते. साडेसाती असेल तर मधल्या बोटात घालायची, साधी, काळपट. तिबेटात त्याच काळ्या लोखंडावर शुद्ध सोन्याची बारीक तार ठोकून बसवतात आणि तिच्यातून ढग, मकर, वज्र, मंत्राक्षरं उभी राहतात. याच कामाला कोफ्तगिरी म्हणतात. मी असे दागिने घेते, रोज वापरते आणि ओळखीच्यांना निवडून देते. जवळजवळ प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो तो हा: "यात सोनं किती ग्रॅम आहे?"

उत्तर ऐकून बहुतेकांचा चेहरा पडतो, कारण सोनं फार थोडं असतं. अंगठीभर नक्षी असली तरी वजनकाट्यावर ते जेमतेम मोजता येतं. इथं किंमत आहे ती सोनं लोखंडाला धरून ठेवणाऱ्या हातकामाची. म्हणून दुकानात शिरताना एकच प्रश्न मनात ठेवा: हे सोनं कशानं धरलंय? त्याचं उत्तर ओळखता आलं की निम्मी फसवणूक तिथंच टळते.

सोबत काय ठेवावं

- दहापट मोठं दाखवणारं भिंग. घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं स्वस्तातलं चालतं.
- छोटं चुंबक, कापडात गुंडाळलेलं. उघडं चुंबक दागिन्याला घासलं तर ओरखडा उठतो.
- मोबाइलचा टॉर्च.
- पांढरं मऊ सुती फडकं.
- बोटाचं आणि मनगटाचं माप घेतलेला दोरा.
- ‘ॐ मणि पद्मे हूँ’ या षडक्षरी मंत्राचा तिबेटी लिपीतला स्पष्ट फोटो, मोबाइलमध्ये. कशासाठी ते चौथ्या पायरीत सांगते.

१. आधी मूळ गाव समजून घ्या

पूर्व तिबेटाला खाम म्हणतात. तिथं देर्गे नावाचं जुनं संस्थान होतं. आज तो भाग चीनच्या सिचुआन प्रांतात मोडतो. १७२९ मध्ये तिथल्या राजानं सुरू केलेला छापखाना कोरीव लाकडी ठशांसाठी जगभर ओळखला जातो. याच देर्गेचं लोखंडकामही तितकंच नावाजलेलं. जाड पत्रा आरपार कोरायचा, वेलबुट्टीच्या मधली जागा रिकामी करायची, आणि उरलेल्या वेलीवर सोनं-चांदी चढवायची, ही तिथली खास रीत. दक्षिणेला पाल्युल भागात होर्पो हे धातुकामाचं गाव आहे. तिबेटी महाकाव्याचा नायक गेसर राजा, त्याची शस्त्रं तिथं घडली, अशी तिथली लोककथा.

ही कारागिरी किती जुनी, याचा अंदाज संग्रहालयांतून येतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात सोन्याचा मुलामा दिलेले कोरीव लोखंडी खोगिरांचे पत्रे आहेत. त्याच संग्रहालयानं २००६ मध्ये तिबेटी शस्त्रं आणि चिलखतांचं मोठं प्रदर्शन भरवलं होतं. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला, चीनच्या मिंग घराण्यातला सम्राट योंगले याच्या काळात, सोन्या-चांदीनं मढवलेल्या लोखंडी पूजावस्तू तिबेटी बौद्ध विधींसाठी घडल्या. त्यातलं खट्वांग, म्हणजे टोकाला कवटी असलेला विधीतला दंड, आजही पाहायला मिळतं.

आता एक गोष्ट विक्रेता सहसा सांगत नाही ती. परंपरेनं हे काम असायचं लेखणीच्या नळकांड्यांवर, शिक्क्यांवर, खोगिरांवर, तलवारीच्या म्यानांवर. अंगावरचे तिबेटी दागिने मुख्यतः सोन्या-चांदीचे. त्यात फिरोजा, पोवळं आणि झी, म्हणजे रेघा आणि डोळ्यांची नक्षी असलेले अकीकाचे मणी. आज मिळणाऱ्या लोखंडी अंगठ्या, कडी, पदकं हा बहुतांशी जुन्या कारागिरीचा नवा वापर आहे, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. चांगल्या हातचं नवं काम मी जुन्या गंजक्या तुकड्यापेक्षा कधीही पसंत करेन. पण कुणी "राजघराण्यातली दोनशे वर्षांपूर्वीची अंगठी" म्हणून पुढे केली, तर किंमत विचारण्याआधी पुरावा मागा.

२. सोनं कशानं धरलंय ते ओळखा

लोखंडावर सोनं चढवायच्या चार तऱ्हा बाजारात दिसतात. चारही पाहिल्या की डोळा तयार होतो.

*खोबणीत ठोकलेली तार.* छिन्नीनं लोखंडात बारीक चर पाडतात. चर तोंडाशी अरुंद आणि आत रुंद ठेवला की त्यात ठोकलेली तार आत पसरते आणि अडकून बसते. वरून कानस फिरवून सगळं एका पातळीत आणतात. बोट फिरवलं तर सोनं आणि लोखंड यांतला फरक जाणवत नाही. हे सगळ्यांत टिकाऊ आणि सगळ्यांत वेळखाऊ. काही ठसठशीत रेघांपुरतंच करतात.

*दातऱ्यावर बसवलेली तार किंवा वर्ख.* आपण ज्याला कोफ्तगिरी म्हणतो ती हीच, आणि तिबेटी दागिन्यात जास्त करून हीच भेटते. लोखंडाचा पृष्ठभाग धारदार छिन्नीनं आधी एका दिशेनं, मग आडवा, मग तिरपा असा रेघांनी भरून काढतात. गुळगुळीत झालेल्या पाट्याला टाकी लावतात तसं हे काम, फक्त इतकं बारीक की नुसत्या डोळ्यांना ती जागा मळकट राखाडी वाटते. त्या दातऱ्यावर सोन्याची तार ठेवून हलक्या हातोडीनं ठोकत नेतात. सोनं मऊ, ते त्या दातांत रुतून बसतं. इथं २४ कॅरेटचंच सोनं लागतं ते यासाठी. तांबं मिसळलेलं २२ कॅरेट कडक पडतं, दातांत नीट शिरत नाही आणि पुढं उचकटतं. शेवटी अकीकाच्या गुळगुळीत खड्यानं घासून ओप देतात. तार एकीला एक चिकटून बसवत गेलं की भरीव सोनेरी भाग तयार होतो. मग वस्तू तापवून लोखंड काळं किंवा निळसर करतात आणि तेल लावतात. सोन्याला त्या आचेनं काही होत नाही. ते १,०६४ अंशांवर वितळतं आणि काळं करायला काहीशे अंश पुरतात.

आपल्याकडे उदयपूर, जयपूर, अलवर भागात तलवारींच्या मुठींवर हेच काम होत आलंय. मराठी घरांत बिदरीची सुरई किंवा पानदान पाहिलं असेल, तर तार ठोकून बसवणं ही कल्पना नवी नाही. बिदरीत जस्त जास्त असलेला मिश्रधातू आणि चांदी. इथं लोखंड आणि सोनं. लोखंड कडक असल्यानं हाताचे कष्ट बरेच वाढतात.

*पाऱ्याचा मुलामा.* सोनं पाऱ्यात कालवून लेप लावायचा आणि आच द्यायची. पारा उडून जातो, सोनं राहतं. जुन्या खोगिरांवर, मूर्तींवर हे दिसतं. सोन्याचा थर सलग, कोपऱ्याकोपऱ्यांत शिरलेला, उबदार रंगाचा. दागिना घालणाऱ्याला त्रास नसतो, पण करणाऱ्याच्या फुप्फुसात विषारी वाफ जाते. म्हणून नवी वस्तू या पद्धतीची असल्याचं कळलं तर मी घेत नाही.

*विजेवरचा मुलामा.* यंत्रानं कोरलेल्या किंवा ओतीव वस्तूवर सोन्याचा अतिशय पातळ थर. वाईट नाही, फक्त त्याची किंमत वेगळी. हातकाम म्हणून विकला जातो तेव्हा ती फसवणूक.

भिंगातून पाहताना नजर सोन्यावर ठेवू नका, सोन्याच्या कडेला ठेवा. कोफ्तगिरीत कडेपलीकडे कुठेतरी त्या तिरप्या-आडव्या रेघांचे अवशेष राहतातच; कारागिराला दातरा नक्षीपेक्षा थोडा जास्त पसरावा लागतो. वेलीच्या वळणावर तारेचे दोन पदर शेजारी बसलेले दिसतात, मध्ये केसाएवढी फट असते. टोकाशी तार तोडलेली जागा किंचित जाड. मुलाम्यात यातलं काही नसतं: सोन्याची कड धूसर, आणि खड्ड्यातही सोनं उतरलेलं.

३. पहिला दागिना कोणता

माझं मत स्पष्ट आहे: पहिला दागिना पदक असावा. त्याला माप लागत नाही, घाम कमी लागतो, आणि सपाट पृष्ठभाग असल्यानं काम नीट तपासता येतं.

अंगठी घ्यायची तर माप अचूक हवं. सोन्याची अंगठी सोनार मोठी करून देतो. इथं ते जमत नाही. लोखंड ताणलं की वरची तार सुटते. दोऱ्यानं माप घेताना संध्याकाळी घ्या, बोटं तेव्हा थोडी फुगलेली असतात. आतून चांदीचं अस्तर असलेली अंगठी मिळाली तर दोन पैसे जास्त देऊन तीच घ्या. नुसतं लोखंड घामाशी भिडलं की बोटावर काळा वळ उठतो आणि आतून गंज सुरू होतो.

कड्यात एक हमखास चूक होते. तोंड उघडं असलेलं कडं लोक फाकवून मनगटात घालतात. रोजच्या त्या ताणानं मधल्या भागातली तार महिन्याभरात उठायला लागते. अशा कड्याची फट मनगटाच्या चपट्या बाजूनं, आडवी सरकवून घालता आली पाहिजे. दुकानात घालून पाहताना ते तसं सरकत नसेल, तर कितीही आवडलं तरी ते तुमच्या मापाचं नाही.

ताईताची पेटी, म्हणजे गाऊ, यात आत मंत्राची गुंडाळी किंवा छोटी प्रतिमा ठेवतात. झाकण नीट बसतं का, बिजागरी घट्ट आहे का, हे पाहा. नक्षीइतकंच ते महत्त्वाचं. चकमकीची पिशवी मिळाली तर जरूर हातात घेऊन पाहा: कमरेला लटकवायचा चामड्याचा बटवा, खालच्या कडेला वाकवलेली लोखंडी पट्टी, गारगोटीवर घासून ठिणगी पाडायला. लोखंड अंगावर वागवायची तिबेटी सवय तिथं खरीखुरी दिसते.

४. चिन्हं वाचायला शिका

तिबेटी माणसाला लोखंड म्हणजे नुसता धातू वाटत नाही. त्यांच्या पंचांगातली पाच तत्त्वं आहेत लाकूड, अग्नी, पृथ्वी, लोह आणि पाणी. ती बारा प्राण्यांशी जुळून साठ वर्षांचं चक्र पुरं होतं. १९८० लोह-माकड, १९८१ लोह-पक्षी, १९९० लोह-घोडा, १९९१ लोह-मेंढी, २००० लोह-ड्रॅगन, २००१ लोह-सर्प. या वर्षांत जन्मलेल्याला लोखंडाचा दागिना भेट द्यायला छान निमित्त मिळतं. फक्त तिबेटी वर्ष लोसारला, म्हणजे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास बदलतं, त्यामुळं जानेवारीत जन्मलेला माणूस आदल्या वर्षाचा.

लोखंडात दुष्ट शक्तींना खिळून टाकायचं बळ आहे, ही श्रद्धाही खोल आहे. म्हणून विधीतला फुरबा, म्हणजे तीन धारांचा कीलक, पुष्कळदा लोखंडी पात्याचा असतो. पंधराव्या शतकातला सिद्ध थांगतोंग ग्याल्पो तर लोखंडी साखळ्यांचे पूल बांधणारा म्हणूनच पूजला जातो. तिबेट आणि भूतानातल्या नद्यांवर त्याच्या नावानं डझनावारी पूल सांगतात. आणि याच समाजात, मध्य तिबेटात, लोहाराला उतरंडीत खालचं स्थान होतं. ज्याच्या हातच्या वस्तूशिवाय पूजा होत नाही त्यालाच पंगतीत जागा नाही, हे दुखणं आपल्यालाही अनोळखी नाही. दागिना हातात घेताना मला तो कारागीर आठवतो, आणि तुम्हीही त्याचं नाव विचारा असं मी आग्रहानं सांगेन.

आता नक्षीकडे. नेहमी भेटणारी चिन्हं अशी.

*अष्टमंगल:* छत्र, सोनेरी मासोळ्यांची जोडी, कलश, कमळ, उजवा शंख, श्रीवत्साची अखंड गाठ, विजयध्वज आणि धर्मचक्र. नवशिक्यानं यातलं एखादं चिन्ह निवडावं. ती सर्वांसाठी शुभ आहेत आणि कुठल्या दीक्षेची अट नाही. अखंड गाठ लोखंडावर फार खुलते, कारण ती मुळात रेघच आहे. तपासायची असेल तर एका टोकाला नजर लावा आणि तार जिथं दुसऱ्या तारेवरून किंवा खालून जाते ते पाहत चला. वर-खाली, वर-खाली असा क्रम चुकलेला दिसला तर काम घाईचं आहे.

*वज्र,* तिबेटीत दोर्जे: न मोडणाऱ्या निर्धाराचं चिन्ह. पाच पाकळ्यांचं वज्र पाच बुद्धांशी, पाच ज्ञानांशी जोडतात. दोन वज्रं फुलीत ठेवली की विश्ववज्र होतं. ते स्थैर्याचं, म्हणून मूर्तीच्या तळाच्या पत्र्यावरही ते कोरतात. अंगठीवर वज्र पट्टीच्या लांबीला आडवं घेतात.

*मकर आणि कीर्तिमुख:* कड्याच्या दोन टोकांना मकराची तोंडं, मध्ये रत्न. आपल्याकडच्या मगरमुखी कड्यांशी नातं उघड आहे. कीर्तिमुख तर आपण देवळाच्या उंबऱ्यावर पाहतच आलोय. तिबेटी नक्षीत त्याच्या तोंडातून वेली किंवा मोत्यांच्या माळा बाहेर पडतात. डोळे पाहा: चांगल्या कामात डोळ्याचा बिंदू वेगळी तार वळवून बसवलेला असतो, स्वस्तातल्या कामात नुसता खड्डा.

*ख्युंग,* म्हणजे तिबेटी गरुड, तोंडात साप धरलेला. नागांपासून होणाऱ्या बाधा दूर ठेवतो अशी समजूत.

*ॐ मणि पद्मे हूँ:* करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर, त्याचा षडक्षरी मंत्र, सगळ्यांत जास्त खपणारी नक्षी आणि सगळ्यांत जास्त बिघडलेली. ज्याला लिपी येत नाही तो चित्र म्हणून अक्षर उतरवतो. मग एखादी मात्रा गळते, अक्षर उलटं पडतं, कधी साच्यातून सबंध ओळ आरशातल्यासारखी निघते. मोबाइलमधला फोटो समोर धरून एकेक अक्षर ताडून पाहा. हाच मंत्र रंजना या नेपाळमधल्या जुन्या लिपीतही लिहितात, तो वेगळा दिसतो. विक्रेत्याला लिपी कोणती ते विचारा.

*कालचक्राचं दशाकार चिन्ह:* कालचक्र ही तिबेटी बौद्धांची एक तांत्रिक साधना, तिचं हे चिन्ह. एकात एक गुंफलेली बीजाक्षरं, वर चंद्रकोर, बिंदू आणि ज्योत. पदकावर देखणं दिसतं. चित्रात त्याचे रंग ठरलेले असतात. लोखंडावर ते येत नाहीत, त्यामुळं गुंफण स्पष्ट असणं आणखी गरजेचं.

डावीकडे वळणारं स्वस्तिक दिसलं तर कारागीर चुकला असं धरू नका. बोन या तिबेटातल्या बौद्ध धर्माहून वेगळ्या परंपरेत ते तसंच असतं. बौद्ध वस्तूंवर बहुधा उजवं.

कवट्या, ज्वाळांतल्या उग्र देवता, फुरबा हे सगळं डोळ्यांना फार ओढून घेतं. माझा सल्ला, त्यातलं काहीही नुसतं छान दिसतं म्हणून गळ्यात घालू नका. ती विशिष्ट साधनेशी बांधलेली आहेत. अर्थ विचारायला लांब जायला नको. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. कोल्हापूर, बेळगाव किंवा गोव्याच्या माणसाला हुबळीजवळचं मुंडगोड सोयीचं. ड्रेपुंग आणि गंदेन हे मूळचे तिबेटातले मोठे मठ तिथं पुन्हा उभे राहिले. फोटो दाखवून आदरानं विचारलं की वडीलधारी माणसं मनापासून समजावतात.

५. दुकानात तपासणी, याच क्रमानं

पहिल्यांदा फडकं. दागिना हलकेच पुसा. पिवळा किंवा काळा रंग फडक्यावर उतरला तर पुढचं काही बघायची गरज नाही. थोडं तेल उतरलं तर उलट चांगली खूण, दुकानदार निगा राखतोय.

मग चुंबक. लोखंड जोरात ओढलं गेलं पाहिजे. अजिबात हललं नाही तर तो जस्ताचा ओतीव तुकडा किंवा काही जातींचं स्टेनलेस स्टील असू शकतं. पण चुंबकाला चिकटलं म्हणजे हातकाम सिद्ध झालं असं नव्हे. यंत्रानं कोरलेलं लोखंडही चिकटतंच.

मग भिंग आणि टॉर्च. उजेड वरून सोडू नका, बाजूनं तिरपा सोडा. दातऱ्याच्या रेघा तेव्हाच उठून दिसतात. आरपार कोरलेल्या कामात छिद्रांच्या आतल्या भिंती पाहा: कानशीचे मागे-पुढे ओरखडे दिसले तर हात, गुळगुळीत जळकट कड दिसली तर लेझर, बारीक बुडबुड्यांचे खड्डे दिसले तर ओतकाम. दोन सारख्या वस्तू शेजारी ठेवा. प्रत्येक पान, प्रत्येक वळण तंतोतंत एकच असेल तर ते साच्यातलं.

शेवटी मागची बाजू. जिथं कुणी बघत नाही तिथं कारागिराची शिस्त कळते.

यातले ठरलेले सापळे लक्षात ठेवा. "तिबेटी चांदी" या नावानं जे विकतात त्यात बहुधा चांदी नसते. जस्त, तांबं, निकेल अशांचा मिश्रधातू असतो, आणि निकेलनं कित्येकांना अंगावर चट्टे उठतात. दुसरा सापळा "आकाशातून पडलेलं लोखंड". थोकचा, म्हणजे ताईत म्हणून वागवायचे छोटे धातूचे तुकडे, या नावानं विकतात. जुने थोकचा मुख्यतः तांब्याच्या मिश्रधातूचे ओतीव तुकडे आहेत. खऱ्या लोह-उल्केत निकेल असतं आणि आम्लानं उजळल्यावर बहुतेक उल्कांत स्फटिकांच्या छेदणाऱ्या पट्ट्या दिसतात. तसं काही दाखवता येत नसेल तर उल्केची किंमत मोजू नका.

घरी आणल्यावर सोनाराकडं जाऊन खात्री करायची इच्छा होते. जा, पण दोन गोष्टी सांगून ठेवा. कसोटीवर घासू देऊ नका आणि आम्ल लावू देऊ नका. लोखंड तिथंच खराब होईल. कॅरेटमीटरवर ठेवला तर आकडा गोंधळात टाकतो: सोन्याचा थर पातळ असल्यानं खालचं लोखंडही वाचलं जातं, आणि यंत्र "सोनं कमी" म्हणतं. त्यावरून दागिना खोटा ठरत नाही. सोन्याच्या दागिन्यावर असतो तसा हॉलमार्कही इथं शोधू नका.

६. कागदपत्रं

नव्या दागिन्याचं बिल घ्या आणि त्यावर "लोखंड, २४ कॅरेट सोनं, ठोकून बसवलेलं" असं सविस्तर लिहून मागा. लिहायला कां-कू करणारा दुकानदार बरंच काही सांगून जातो. कारागिराचं नाव, गाव, घडवल्याचं वर्ष मिळालं तर तेही बिलावरच. पुढून, मागून, कडेनं फोटो काढून बिलासोबत ठेवा.

नेपाळातून, म्हणजे बौद्धा किंवा पाटणहून आणणार असाल आणि वस्तू जुनी दिसत असेल, तर तिथल्या पुरातत्त्व विभागाचा दाखला विक्रेत्याकडून घ्या. शंभर वर्षांवरच्या वस्तू नेपाळबाहेर नेता येत नाहीत, आणि नवीच पण मुद्दाम जुनाट केलेली वस्तू विमानतळावर अडकते. भारतातही १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षांपेक्षा जुन्या कलावस्तू पुरावशेषांत धरल्या जातात. त्या खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाहीत. अमेरिकेतल्या भावाला आजोबांचा गाऊ पाठवायचा विचार असेल तर हे आधी पाहा. परदेशातून टपालानं मागवताना वर्णन खरं लिहायला सांगा. सीमाशुल्क भरावं लागलं तर भरा.

फुरब्याच्या आकाराचं पदक किंवा चकमकीची पट्टी हातातल्या सामानात ठेवू नका, विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत द्या.

७. वापर आणि निगा

मंत्र असलेला दागिना तिबेटी माणूस जमिनीवर ठेवत नाही, त्याच्यावरून ओलांडत नाही, कमरेखाली घालत नाही. एवढं पाळलं तरी पुरे.

निगेचं म्हणाल, तर शत्रू एकच: मीठ आणि ओल एकत्र. सोनं आणि लोखंड शेजारी असताना खारट ओल मिळाली की लोखंड नेहमीपेक्षा लवकर गंजतं, आणि गंजतं नेमकं सोन्याच्या कडेला. गंज फुगतो, तार खालून उचलली जाते. मुंबई, कोकण, गोवा इथं राहणाऱ्यांनी पावसाळ्यात हा दागिना रोज घालूच नये. घातला तर घरी आल्याबरोबर कोरड्या फडक्यानं पुसावा. आंघोळ, पोहणं, भांडी घासणं यांच्या आधी काढावा. एमआरआय करायचा असेल तर विसरता कामा नये.

महिन्यातून एकदा शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब फडक्यावर घेऊन सगळीकडून पुसा, मग कोरड्या फडक्यानं जास्तीचं टिपा. खोबरेल, तिळाचं तेल नको; ते चिकटतं, खवट होतं, धूळ धरतं. फिरोजा जडवला असेल तर खड्याला तेल लागू देऊ नका, तो तेल पिऊन हिरवट होतो. आणि आपल्या घरातली सगळ्यांत मोठी भीती सांगते: कुणीतरी प्रेमानं चिंच, लिंबू किंवा तांब्या-पितळेची भांडी घासायची पावडर लावून "चकचकीत" करून देतं. आंबटानं काळेपणा निघून जातो आणि खालचं लोखंड उघडं पडतं. घरात सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

ठेवायला घट्ट झाकणाची डबी आणि आत सिलिका जेलची पुडी. लाकडी पेटीत किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून नको, दोन्हींत आम्ल असतं.

८. बिघडलंच तर

लालसर ठिपका दिसला तर त्यावर तेल लावून रात्रभर ठेवा, सकाळी बांबूच्या काडीच्या टोकानं हलकेच खरवडा. तारघासणी आणि गंज घालवायची द्रावणं दूर ठेवा.

तार उठली असेल तर बोटानं दाबून बसवायचा मोह आवरा, ती मोडते. तुटलेला तुकडा सापडला तर कागदाच्या पुडीत जपा. नेहमीच्या सोनाराकडं डाग द्यायला नेऊ नका. तो सवयीनं ज्योत लावतो, मग तेजाबात टाकतो, आणि संपूर्ण दागिना पांढुरका पडतो. कोफ्तगिरी करणारा कारागीरच हवा, आणि तो आपल्याला तिबेटापेक्षा उदयपूरला जवळ सापडतो. तंत्र तेच आहे. पाठवताना मूळ नक्षीचे फोटो सोबत द्या, उठलेली जागा बाणानं दाखवा, आणि लिहून कळवा की फक्त तेवढ्याच भागाला नवा दातरा पाडायचा आहे, बाकीच्या नक्षीला हात लावायचा नाही. काळं करायचं काम शेवटी पूर्ण दागिन्याला एकदम करायला सांगा. तुकड्यानं केलं तर छटा जुळत नाही. खडे असतील तर ते आधी काढून घ्यायला सांगा, फिरोजा आणि पोवळं आच सोसत नाहीत.